डोंगरवाटेची पहिली सायकल

सायकल ही वस्तु पुण्याच्या मध्यमवर्गीय घराला नवी नाहीं. एके काळीं हें शहर सायकलींचें शहर म्हणूनच ओळखलें जात असे, आणि आजहि एखाद्या जुन्या इमारतीच्या जिन्याखालीं एक उंच काळी सायकल धूळ खात उभी असलेली दिसते. रुंद सीट, साखळीवर पत्र्याचें झांकण, मागें कॅरियर, असा तिचा थाट. ती पसंत करावयाला फारसा विचार लागत नसे. माप बावीस इंची किंवा चोवीस इंची, रंग काळा, आणि वडिलांनीं ज्या कारखान्याची घेतली त्याच कारखान्याची मुलानें घ्यावयाची, एवढ्यांत सर्व कांहीं आटोपत असे.

आज त्याच घरांतील मुलगा किंवा मुलगी सायकल घ्यावयास निघते ती निराळ्या हेतूनें. कचेरीला जाण्यासाठीं तिला दुसरें वाहन असतें. तिला हवी असते रविवारची सकाळ, सिंहगडाचा घाट, खडकवासल्यापलीकडच्या कच्च्या वाटा, खडी, माती आणि चढउतार. अशा वाटांसाठीं जी सायकल मिळते तिला बाजारांत माउंटन बाइक असें म्हणतात; आणि ती घेण्यास गेलेल्या मनुष्यावर दुकानांत शिरतांच इतक्या नव्या शब्दांचा मारा होतो कीं, शेवटीं तो रंग पाहून निवड करतो. खिशांत पैसे मुबलक असतील तर ही चूक फारशी बाधत नाहीं. पैसे मोजके असतील तर मात्र ती वर्षानुवर्षें पायांना जाणवत राहते.

अशा एका घराचें चित्र डोळ्यांपुढें आणावें. मुलीला नोकरी लागून एक वर्ष झालें आहे. घरखर्चाला हातभार लावून तिनें तीस हजार रुपये बाजूला ठेवले आहेत, आणि ही रक्कम पुन्हां लवकर जमणार नाहीं हें तिला ठाऊक आहे. सोबत वडील आहेत. त्यांनीं वीस वर्षें काळ्या सायकलीवरून कचेरी केली. तेव्हां सायकलींतलें आपल्याला कळतें, अशी त्यांची समजूत आहे, आणि ती अगदींच चुकीची नाहीं. दुकानांत जवळजवळ सारख्याच किंमतीच्या दोन सायकली शेजारीं शेजारीं उभ्या आहेत. पहिलीला पुढें स्प्रिंग आहे, मागेंहि स्प्रिंग आहे, एकवीस गियर आहेत आणि अंगभर झगझगीत अक्षरें आहेत. दुसरीला स्प्रिंग फक्त पुढें, मागची बाजू ताठ, गियर अठरा, रंग मातकट.

"तेवढ्याच पैशांत पहिलींत जास्त मिळतंय. मग कमी कां घ्यावं?" वडील विचारतात.

मुलीला उत्तर सुचत नाहीं. वडील क्षणभर थांबतात आणि मग निराळ्याच सुरांत दुसरा प्रश्न टाकतात. "तूं वर चढशील ग, त्याची मला काळजी नाहीं. पण खालीं उतरशील कशी?"

हा दुसरा प्रश्न खरा. पहिल्या प्रश्नाचें उत्तरहि त्याच्याच पोटांत आहे.

डोंगरी सायकलीचा जन्मच मुळीं उतारावर झाला. अमेरिकेंत कॅलिफोर्निया संस्थानांत, सॅन फ्रॅन्सिस्कोच्या उत्तरेस, मरीन नांवाचा परगणा आहे. तेथें टॅमलपाइस हा डोंगर आहे. इसवी सनाच्या १९७० नंतरच्या दशकांत तेथील कांहीं हौशी तरुण १९३०-४० च्या सुमाराच्या जुन्या, जड, जाड टायरांच्या सायकली मिळवीत आणि डोंगरावरील कच्च्या रस्त्यांनीं त्या भरधांव खालीं सोडीत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजीं त्यांनीं अशा एका उतारावर घड्याळ लावून पहिली शर्यत घेतली. सुमारें दोन मैलांत तो रस्ता सुमारें १,३०० फूट खालीं उतरतो. या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या हबांत असे व पॅडल उलटें दाबलें कीं तो लागे. उतार संपेपर्यंत हें हब इतकें तापे कीं आंतील ग्रीस जळून त्याचा धूर निघे, आणि प्रत्येक फेरीनंतर हब उघडून त्यांत नवें ग्रीस भरावें लागे. पुन्हां भरणें या अर्थाच्या इंग्रजी शब्दावरून त्या शर्यतीचें नांवच 'रिपॅक' पडलें.

पुढें १९७७ मध्यें जो ब्रीझ या सायकलपटूनें खास डोंगरासाठीं सांगाडा तयार केला. त्याची ती पहिली सायकल आज अमेरिकेच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयांत आहे. १९७९ मध्यें गॅरी फिशर व चार्ली केली या दोघांनीं टॉम रिची याच्या हातचे सांगाडे घेऊन अशा सायकली विकण्याचा धंदा सुरू केला. १९८१ मध्यें 'स्टम्पजंपर' ही कारखान्यांत मोठ्या संख्येनें तयार झालेली सायकल बाजारांत आली, आणि १९९६ सालीं अटलांटा येथील ऑलिंपिक सामन्यांत या खेळाला स्थान मिळालें.

या इतिहासांतील एक गोष्ट खरेदीला निघालेल्यानें विशेष ध्यानांत ठेवावी. त्या पहिल्या सायकलींना स्प्रिंग कोठेंच नव्हती. पुढच्या चाकाचा स्प्रिंगचा फोर्क या सायकलींवर रूढ होऊं लागला तो १९९० च्या सुमारास. मागची स्प्रिंग सामान्य झाली ती त्याहिनंतर. ब्रेक, मजबूत सांगाडा, रुंद टायर आणि चढाचे गियर यांची गरज आधीं भासली, स्प्रिंगची नंतर. ज्या क्रमानें डोंगरानें या वस्तु माणसाकडून मागून घेतल्या, त्याच क्रमानें मोजक्या पैशांच्या माणसानें त्यांवर खर्च करावा. सर्व निवडीचें सार एवढेंच आहे.

ज्या सायकलीला पुढें स्प्रिंग असते पण मागची बाजू ताठ असते तिला हार्डटेल म्हणतात. मागची स्प्रिंग ही वाईट वस्तु आहे असें नव्हे. उत्तम प्रतीची असेल तर ती फार उपयोगी पडते. परंतु तिच्यासाठीं सांगाड्याचे दोन भाग करून ते सांध्यांनीं जोडावे लागतात. त्या सांध्यांत चांगलीं बेअरिंगें लागतात, आणि स्प्रिंगची उसळी आवरण्यासाठीं तेलाची किंवा हवेची योजना असावी लागते. स्वस्त सायकलींत यांपैकीं कांहींच नीट नसतें. सांधे थोड्याच दिवसांत सैल पडून खडखडूं लागतात. उसळीला आवर नसल्यामुळें चढावर पाय मारतांना सायकल वरखालीं डुलते, आणि पायांतील जोर चाकाऐवजीं स्प्रिंगमध्यें मुरतो. शिवाय वजन वाढतें तें निराळेंच.

आणि ही स्प्रिंग कांहीं फुकट आलेली नसते. किंमत सारखीच ठेवून जेव्हां एक वस्तु वाढविली जाते तेव्हां दुसरी कोणती तरी उतरविलेली असते, आणि ती बहुधा डोळ्यांना न दिसणारी असते: ब्रेक, हब, बेअरिंग, रिम. वडिलांच्या पहिल्या प्रश्नाचें उत्तर हें आहे. पहिल्या सायकलींत जास्त मिळत नाहीं, जास्त दिसतें.

आतां दुसऱ्या सायकलीकडे वळून तिची पारख कशी करावी तें क्रमानें पाहावें.

प्रथम सांगाडा. टायर झिजतात, साखळी ताणते, ब्रेकचे पॅड संपतात. हें सर्व पुढें केव्हांहि बदलतां येतें. सांगाडा मात्र एकदांच घेतला जातो. या किंमतीच्या सायकलींत तो बहुधा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो, कांहींत पोलादाचा. क्रोमियम व मॉलिब्डेनम मिसळलेलें पोलाद मजबूत व लवचीक असतें. साधें पोलाद जड असतें. परंतु धातूपेक्षांहि माप महत्त्वाचें. जो सांगाडा अंगाला बसत नाहीं तो सोन्याचा असला तरी कुचकामाचा. लहान, मध्यम, मोठा अशीं जीं मापें लिहिलेलीं असतात तीं सर्व कारखान्यांचीं सारखीं नसतात. म्हणून अक्षरावर विसंबूं नये, सायकलीवर बसून पाहावें.

दांडी दोन पायांमध्यें घेऊन दोन्ही पाय जमिनीवर टेकवावे. दांडी व शरीर यांत निदान दोन इंच अंतर राहिलें पाहिजे. नंतर सीटवर बसून टांच पॅडलवर ठेवावी आणि पॅडल अगदीं खालीं न्यावें; त्या वेळीं पाय सरळ व्हावा, म्हणजे प्रत्यक्ष चालवितांना, पायाचा चवडा पॅडलवर असतां, गुडघा किंचित् वांकलेला राहतो. मग हँडल धरावें. कोपर ताठ झाले तर सायकल लांब आहे; गुडघे हँडलला लागूं लागले तर ती आंखूड आहे. शेवटीं पॅडलवर उभें राहून थोडें अंतर जाऊन पाहावें, कारण उतारावर बसून नव्हे तर असेंच उभें राहून यावें लागतें. दुकानांत हवें तें माप शिल्लक नसलें कीं, "हीच बसेल, सीट वर घेऊन देतों," असें सांगण्याचा मोह दुकानदाराला होतो. अशा वेळीं पंधरा दिवस थांबावें. सीट वर घेतल्यानें सांगाडा लांब होत नाहीं.

सांगाड्यांत आणखी एक जागा पाहण्यासारखी आहे. हँडलच्या खालीं जी उभी नळी असते, जींतून फोर्कचा दांडा वर येतो, ती वरून खालपर्यंत सारखी आहे कीं खालीं रुंद होत गेली आहे? रुंद होत जाणाऱ्या नळींत वरच्या बाजूस १⅛ इंच व खालच्या बाजूस १½ इंच जाडीचा दांडा बसतो. हल्लींचे बहुतेक चांगले फोर्क याच मापाचे असतात. अरुंद सरळ नळीच्या सांगाड्याला पुढें चांगला फोर्क मिळणें कठीण जातें. आज जो थोडा पैसा आहे तो अशा सायकलींत घालावा कीं, जिला उद्यां दुसरा थोडा पैसा लावतां येईल.

फोर्कमध्यें दोन प्रकार आढळतात. एकांत लोखंडी स्प्रिंग असते, दुसऱ्यांत हवा. लोखंडी स्प्रिंग कारखान्यानें ठरविलेल्या वजनासाठीं केलेली असते. ९० किलोच्या पुरुषाखालीं ती नीट दबते, ५० किलोच्या मुलीखालीं ती जेमतेम हलते. हवेचा फोर्क पंपानें हवा कमीजास्त करून प्रत्येकाच्या वजनाला जुळवितां येतो. तेव्हां वजनानें हलक्या माणसाला हवेचा फोर्क परवडला तर तो जरूर घ्यावा. दाबण्याची लांबी १०० मिलिमीटर असली तरी पहिल्या सायकलीला ती पुष्कळ झाली. परीक्षा सोपी आहे. पुढचा ब्रेक धरून हँडलवर सर्व भार द्यावा आणि तो एकदम काढून घ्यावा. फोर्क खालीं जाऊन शांतपणें वर आला तर त्यांत उसळीला आवर आहे. खाटकन् वर आदळला तर नाहीं. हवेचा फोर्क अंदाजांत बसत नसेल तर साध्यावर समाधान मानावें, पण त्यासाठीं ब्रेकमध्यें तडजोड करूं नये.

आतां वडिलांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे यावयाचें. खालीं उतरशील कशी?

जुन्या सायकलीचा ब्रेक रबरी गुटके रिमवर दाबून चाक थांबवीत असे. शहरांतल्या सपाट रस्त्याला तें पुरत होतें. पावसांत रिम ओली झाली किंवा चिखलानें माखली कीं ते गुटके घसरतात, हा अनुभव ज्यांनीं पावसाळ्यांत सायकल चालविली त्या सर्वांना आहे. डोंगरी सायकलींत आतां तबकडीचे ब्रेक असतात. चाकाच्या मध्याशीं पोलादी तबकडी असते व तिला दोन बाजूंनीं पॅड चिमटतात. ही तबकडी जमिनीपासून उंच असल्यामुळें चिखल तिच्यापर्यंत कमी पोंचतो. यांतहि दोन जाती आहेत. एकींत पोलादी तार पॅड ओढते. दुसरींत नळींतील तेल पॅडना ढकलतें. तारेच्या ब्रेकला बोटांचा जोर अधिक लागतो, आणि पॅड झिजेल तशी तार वारंवार आंवळावी लागते. तेलाचा ब्रेक एका बोटानें लागतो आणि झिजेची भरपाई बऱ्याच अंशीं आपण होऊनच करतो.

एका बोटाची ही गोष्ट चैनीची नव्हे. सिंहगडासारखा घाट उतरतांना हात सारखे ब्रेकवर राहतात. जोर फार लागत असेल तर निम्म्या वाटेंतच बोटें भरून येतात, आणि नेमक्या पुढच्या वळणावर हवा तेवढा दाब देतां येत नाहीं. म्हणून सर्व सायकलींत जर एकाच वस्तूवर हट्ट धरावयाचा असेल तर तो तेलाच्या ब्रेकवर धरावा, आणि तोहि नांवाजलेल्या कारखान्याचा असावा, म्हणजे पॅड व सुटे भाग कोठेंहि मिळतात. शिमानो कारखान्याचा 'एमटी २००' हा अगदीं खालच्या पायरीचा ब्रेकहि या कामाला विश्वासाचा आहे. दुकानांत मूठ दाबून पाहावी. ती हँडलला टेकतां कामा नये. उजवी मूठ पुढच्या चाकाची आहे कीं मागच्या, हेंहि त्याच वेळीं पाहून सवयीप्रमाणें बदलून घ्यावें, कारण घाईच्या क्षणीं हात सवयीप्रमाणेंच चालतो.

नव्या ब्रेकला धार येण्यास थोडा वेळ लागतो. मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेग घेऊन वीसेक वेळां ब्रेक लावला म्हणजे पॅड तबकडीवर बसतात. तबकडीला तेलाचा हात लावूं नये. साखळीला तेल घालतांना उडालेला एक थेंबहि पॅड नासवितो. आणि ब्रेक कितीहि चांगला असला तरी तो सबंध उतारभर धरून ठेवूं नये. वळण येण्यापूर्वींच दोन्ही ब्रेक मिळून वेग कमी करावा आणि वळणांतून सायकल मोकळी जाऊं द्यावी, म्हणजे तबकडीला निवण्यास अवकाश मिळतो. रिपॅकच्या उतारावर धुरानें जो धडा दिला तो हाच.

ब्रेकनंतर गियर. एकवीस हा आंकडा ऐकण्यास मोठा वाटतो. परंतु तो पुढच्या तीन व मागच्या सात चकत्यांचा गुणाकार आहे, आणि त्यांतील बरेच गियर जवळजवळ एकमेकांसारखेच असतात. चढावर उपयोगी पडतो तो एकच: सर्वांत हलका. तो दांते मोजून काढतां येतो. त्या झगझगीत सायकलीला पुढची लहानांत लहान चकती २४ दांत्यांची व मागची मोठ्यांत मोठी २८ दांत्यांची आहे असें समजूं. पायाच्या एका फेऱ्यांत तिचें चाक ०.८६ फेरा फिरतें. मातकट सायकलीला पुढें २२ व मागें ३६ दांते आहेत. तिचें चाक ०.६१ फेराच फिरतें. म्हणजे अठरा गियरची सायकल एकवीस गियरच्या सायकलीपेक्षां चढाला बरीच हलकी. हल्लीं कांहीं सायकलींना पुढें एकच चकती असते. ती ३२ दांत्यांची व मागची मोठी ४६ दांत्यांची असेल तर फेरा ०.७० पडतो, आणि उजव्या हातांतील एका कळीवर सर्व काम भागतें. तींहि निवड चांगलीच. गियर किती आहेत हें विचारूं नये. दांते किती आहेत तें विचारावें.

मागच्या चाकाबद्दल दुकानदाराला आणखी एक प्रश्न करावा: चकत्या फ्रीव्हीलच्या आहेत कीं कॅसेटच्या? फ्रीव्हील हबवर आट्यांनीं बसविलेलें असतें, आणि त्यामुळें उजव्या बाजूचें बेअरिंग पुष्कळ आंत राहतें. आंसाचा बराच भाग आधाराशिवाय बाहेर येतो आणि खड्ड्यांत आपटून वांकतो. कॅसेटच्या हबांत बेअरिंग बाहेरच्या टोकाजवळ असतें, म्हणून आंस टिकतो. सपाट रस्त्याला या फरकाचें कांहीं नाहीं, डोंगरांत आहे.

चाकांचीं मापें नव्या सायकलींत मुख्यतः दोन आढळतात, साडेसत्तावीस इंची व एकोणतीस इंची. मोठें चाक दगडांवरून सहज जातें. बुटक्या माणसाला लहान चाक आवरण्यास सोपें. दोन्ही चालतील. रिम दुहेरी भिंतीची असावी. चाक उचलून फिरवावें आणि त्यांत आउट आहे काय तें पाहावें. टायर सव्वादोन इंचांच्या आसपास रुंद असावा, पण टायर व सांगाडा यांच्यामध्यें बोटभर मोकळी जागा हवी; पावसाळ्यांत आपल्याकडील काळी माती टायरला अशी चिकटते कीं, जागा अरुंद असली तर चाकच अडकून बसतें. आणि काळ्या सायकलीची एक सवय येथें सोडावी लागते. तिचे टायर दगडासारखे टणक भरीत. डोंगरी सायकलींत हवा २५ ते ३५ पौंड पुरे. मऊ टायर खडीवर जमीन धरतो, टणक टायर तिच्यावरून उडतो.

इतकें पाहूनहि नवी सायकल अंदाजाबाहेर जात असेल तर वापरलेली घेण्यांत कमीपणा मानूं नये. पुष्कळ सायकली हौसेनें घेतल्या जातात आणि दोन महिन्यांनीं गॅलरींत उभ्या राहतात. मात्र मूळ पावती मागावी, म्हणजे माल चोरीचा नाहीं याची खात्री होते. नळ्या जेथें जोडलेल्या असतात ते सांधे उजेडांत निरखावे. रंगांत केसासारखी भेग दिसली तर ती सायकल सोडून द्यावी. साखळी मोजावी. नव्या साखळीचे चोवीस दुवे बरोबर बारा इंच भरतात. तीच लांबी एक-षोडशांश इंचानें वाढली असेल तर साखळी बदलण्यास आली, आणि त्याहून फार वाढली असेल तर तिनें चकत्यांचे दांतेहि खाल्ले आहेत असें समजून किंमत ठरवावी.

आतां पैशांची वांटणी. तीस हजार हातांत आहेत म्हणून तीस हजारांची सायकल घेऊं नये. पंचवीस हजार सायकलीला, आणि पांच हजार तिच्या सोबत्यांना, असा हिशेब आधींच कागदावर मांडावा. त्या पांच हजारांत पहिला मान हेल्मेटचा. तें डोक्यावर हलतां कामा नये, आणि त्यावर युरोपच्या 'ईएन १०७८' किंवा अमेरिकेच्या 'सीपीएससी' या कसोटीची खूण असावी. एकदां जोराचा मार बसलेलें हेल्मेट वरून धड दिसलें तरी टाकून द्यावें. त्यानंतर पंप, एक जादा ट्यूब, टायर काढण्याच्या पट्ट्या, पानांचा लहान संच, दिवा आणि कुलूप. पंक्चर स्वतःच्या हातानें काढतां येणें हें या खेळाचें निम्में शिक्षण आहे, कारण डोंगरांत कोपऱ्यावर दुकान नसतें. पहिल्या महिन्यानंतर सायकल एकदां कारागिराकडे न्यावी. नव्या तारा ताणतात, आरे सैल होतात, आणि ते वेळीं आंवळले नाहींत तर चाक वांकडें होतें. धुतांना पाण्याची जोराची धार बेअरिंगवर सोडूं नये. साखळी पुसून कोरडी करावी आणि मग तिला थेंब थेंब तेल द्यावें. ज्याला काळी सायकल पुसण्याची संवय आहे त्याला यांतलें कांहींच नवें वाटणार नाहीं.

आणि एक गोष्ट सायकलीबाहेरची. टेकडीवरची वाट प्रथम पायीं चालणाऱ्याची आहे. त्याला पाहतांच वेग कमी करावा, आणि भर पावसांत मऊ झालेल्या पायवाटेवर चाकानें चर पाडूं नये.

आतां पुन्हां त्या दुकानाकडे यावें. मुलीनें झगझगीत सायकलीच्या ब्रेकची मूठ वडिलांच्या हातीं दिली. त्यांनीं चार बोटें लावून ती दाबली. मग तिनें मातकट सायकलीची मूठ दिली आणि म्हटलें, "बाबा, तुम्ही एकच बोट लावून बघा." वडिलांनीं एक बोट लावलें, सायकल पुढें ढकलून पाहिली; ती जागची हलली नाहीं. पुन्हां एकदां ढकलून पाहिली. मग ते दुकानदाराकडे वळले आणि त्यांनीं हेल्मेटें कोठें ठेवलीं आहेत तें विचारलें.

पुढच्या रविवारीं मुलगी घाट चढून गेली. वडील कांहीं कारण काढून डोणज्याला गेले होते आणि चहाच्या टपरीशीं उभे होते. ती खालीं आली, तेव्हां तिचे हात थरथरत नव्हते. वडिलांनीं सायकल हातीं घेतली, आणि जुन्या संवयीनें ते चाकाशीं वांकले.

"तबकडीला हात लावूं नका हं," ती म्हणाली, "तापली असेल."

"तापली, पण धरून राहिली ना?"

"राहिली."

एवढ्यासाठींच तीस हजारांतला एकेक रुपया जपून लावावयाचा असतो. मागची स्प्रिंग नव्हती याची त्या दिवशीं दोघांपैकीं कोणालाच आठवण झाली नाहीं.